दवाखान्यातलं संसर्ग नियंत्रण आणि कायदा: ठाणे-नवी मुंबईच्या डॉक्टरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतल्या छोट्या दवाखान्यांत कर्मचाऱ्यांना संसर्ग नियंत्रण शिकवायला मी जाते. प्रशिक्षण तासाभराचं असतं, प्रश्न मात्र रात्री अकरापर्यंत व्हॉट्सॲपवर येत राहतात, आणि त्यातले बरेचसे तेच ते असतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे ती प्रत्येक उत्तरात पुन्हा लिहावी लागणार नाही. सुई मावशी उचलतात, पिशवी गाडीवाला नेतो आणि अर्ज एजंट भरतो, तरी कायद्याच्या नजरेत जबाबदार राहतो तो दवाखाना चालवणारा, म्हणजे बहुतेक वेळा पाटीवर ज्याचं नाव आहे तो.

१. माझी फक्त ओपीडी आहे, एकही खाट नाही. तरी दवाखान्यातल्या कचऱ्याचे नियम मला लागू होतात का?

होतात. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांत खाटांची किमान अट नाही. हा गैरसमज कुठून आला तेही सांगते. १९९८ च्या जुन्या नियमांत महिन्याला १००० पेक्षा कमी रुग्ण पाहणाऱ्या दवाखान्यांना परवानगी घेण्यापासून सूट होती. नौपाड्यात, कळव्यात तीस-चाळीस वर्षं दवाखाना चालवणाऱ्या अनेक डॉक्टरांच्या डोक्यात तीच सूट अजून आहे. "बाबांनी कधी घेतली नाही" असं सांगणाऱ्या मुलामुलींना माझं उत्तर एवढंच असतं की बाबांना तेव्हा गरज नसेल, तुम्हाला आहे. २८ मार्च २०१६ पासून ती सूट राहिलेली नाही.

२. मी होमिओपॅथ आहे, इंजेक्शन देत नाही. माझी मैत्रीण फिजिओथेरपिस्ट आहे. आम्हालाही लागू?

नियम पॅथी विचारत नाहीत, कचरा निर्माण होतो का ते विचारतात. आयुष रुग्णालयं, पशुवैद्यकीय संस्था, पॅथॉलॉजी लॅब, रक्तपेढ्या, शाळेतली प्रथमोपचार खोली हे सगळे नियमांत नाव घेऊन आलेले आहेत. तुम्ही फक्त साबुदाण्याच्या गोळ्या देत असाल तर कचरा नगण्य. पण एखाद्या रुग्णाची जखम पुसून कापूस टाकलात की तो कापूस साध्या बादलीत जाऊ शकत नाही. फिजिओथेरपिस्ट ड्राय नीडलिंग करत असतील तर त्यांच्याकडे सुया आहेत, म्हणजे विषयच संपला. पंचकर्मात रक्तमोक्षण करणाऱ्या वैद्यांनीही हे लक्षात घ्यावं. एका रुग्णाला लावलेली जळू दुसऱ्याला लावायची नाही, आणि रक्ताने भिजलेलं सगळं पिवळ्या पिशवीत.

३. नेमकं कोणाकडे जायचं? महापालिका म्हणते प्रदूषण मंडळाकडे जा, मंडळ म्हणतं महापालिकेचं पत्र आणा.

ही तक्रार सगळ्यांत जास्त येते आणि ती खोटी नाही. दोन वेगळी कामं आहेत, ती वेगळी ठेवली की डोकं शांत राहतं.

कचऱ्याची परवानगी, म्हणजे प्राधिकारपत्र, देतं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. ठाणे आणि नवी मुंबईसाठी मंडळाची प्रादेशिक कार्यालयं वेगवेगळी आहेत. ऐरोलीचा अर्ज ठाण्याच्या कार्यालयात घेऊन जाणारे लोक मी पाहिले आहेत, आणि दोष त्यांचा नाही, ऐरोलीतून ठाणं समोर दिसतं.

रुग्णाला दाखल करून घेत असाल तर महाराष्ट्र शुश्रूषागृहे नोंदणी अधिनियम, १९४९ खाली नोंदणी लागते आणि ती महापालिका करते. निव्वळ ओपीडीला ही नोंदणी लागत नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, त्यामुळे उत्तर भारतातल्या एखाद्या मित्राने पाठवलेली यादी इथे जशीच्या तशी चालत नाही.

आणखी एक गोंधळ. पत्त्यात "नवी मुंबई" लिहिलं म्हणून दवाखाना नवी मुंबई महापालिकेत असतोच असं नाही. वाशी, नेरूळ, घणसोली, बेलापूर तिथे येतात. खारघर, कामोठे, कळंबोली २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहेत आणि जिल्हाही रायगड आहे. टीबीची नोंद असो वा नर्सिंग होमची, आधी हे तपासा.

४. प्राधिकारपत्र दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं का?

खाटा नसतील तर नाही, एकदाच मिळतं. खाटा असतील तर त्याची मुदत, रुग्णालय चालवायला मंडळ जे संमतीपत्र देतं, त्याच्या मुदतीशी जोडलेली असते. अर्ज नमुना २ मध्ये, परवानगी नमुना ३ मध्ये.

पण "एकदाच" या शब्दावर विसावू नका. वार्षिक अहवाल मात्र दरवर्षी द्यावाच लागतो, नमुना ४ मध्ये, ३० जूनपर्यंत, आदल्या जानेवारी ते डिसेंबरचा. ओपीडीवाले बहुतेक जण इथेच अडकतात. परवानगी भिंतीवर चौकटीत लावलेली असते आणि अहवाल एकाही वर्षाचा नसतो.

५. चार रंगांचं एकदाचं नीट सांगा ना.

सांगते, पण पाठ करण्याऐवजी कारण समजून घ्या. रंग ठरतो तो वस्तू पुढे कुठे जाणार यावरून.

पिवळ्यातलं बहुतेक जळतं. कापूस, ड्रेसिंग, रक्त लागलेलं प्लॅस्टर, शरीराचे भाग, मुदत संपलेली औषधं, रक्ताने माखलेल्या चादरी. २०१८ च्या दुरुस्तीनंतर नेहमीच्या वापरातले मास्क आणि गाऊनही इथेच. कर्करोगाची औषधं पिवळ्यातच, पण वेगळ्या खुणेच्या पिशवीत, कारण ती फार जास्त तापमानाला जाळावी लागतात.

लाल म्हणजे निर्जंतुक करून पुन्हा वितळवण्याजोगं प्लॅस्टिक. सलाईनची नळी आणि बाटली, कॅथेटर, लघवीची पिशवी, हातमोजे, सुई काढलेली सिरिंज.

पांढरा, अर्धपारदर्शक, न टोचणारा डबा हा टोकदार वस्तूंसाठी. सुया, ब्लेड, आणि सुई कायमची जोडलेली असलेली सिरिंज. इन्सुलिनची सिरिंज म्हणूनच लाल पिशवीत नाही, पांढऱ्या डब्यात.

निळ्या खुणेचा डबा काचेसाठी आणि धातूच्या इम्प्लांटसाठी. ॲम्प्यूल, व्हायल, फुटलेली बाटली. पूर्वी इथे पुठ्ठ्याचं खोकं चालायचं, आता डबा न टोचणारा आणि न गळणारा हवा.

सिरिंजचं कागदी वेष्टन, औषधाचं खोकं, चहाचा कप हा साधा कचरा. तो पिवळ्यात टाकला तर पोलीस येणार नाहीत, पण गाडीवाला वजनावर पैसे घेत असेल तर तुम्ही चहाचे कप जाळायला पैसे देताय. उलटा प्रकार मात्र गंभीर आहे. संसर्गजन्य कचरा साध्या कचऱ्यात मिसळायला कायद्याने बंदी आहे.

पिशव्यांबद्दल एक आगाऊ सूचना. ठाण्यातल्या जांभळी नाक्यावर स्वस्तात मिळते ती प्रत्येक पिवळी पिशवी नियमातली नसते. क्लोरीनयुक्त प्लॅस्टिकची पिशवी चालत नाही, जैविक धोक्याचं चिन्ह हवं, आणि बारकोडही हवा. बहुतेक ठिकाणी कचरा नेणारी संस्थाच पिशव्या आणि बारकोड देते. त्यांच्याकडूनच घेतलेलं बरं.

६. सुईला टोपण परत लावायचं की नाही? आमच्या सिस्टर म्हणतात, नाही लावलं तर जास्त धोका.

नाही लावायचं. टोपण लावताना दुसऱ्या हाताला टोचतं, हा जगभरचा अनुभव आहे. सिस्टरची भीती समजते, पण त्यावर उपाय टोपण नव्हे. डबा हाताजवळ हवा. मी अनेक दवाखान्यांत पाहिलंय, इंजेक्शन द्यायचं टेबल एका भिंतीला आणि सुईचा डबा पॅसेजमध्ये. मग उघडी सुई घेऊन सिस्टर पाच पावलं चालतात आणि वाटेत रुग्णाचं मूल धावत येतं. डबा टेबलाच्या बाजूला हलवा. सुई कटरने कापून किंवा बर्नरमध्ये जाळून डब्यात टाका. तीन चतुर्थांश भरला की बंद करा, वरून दाबून जागा करायची नाही.

७. लाल पिशवीत टाकण्याआधी सिरिंज ब्लीचच्या पाण्यात भिजवायची ना?

नाही. जुन्या पद्धतीत भिजवायचे, म्हणून अजूनही खाटेखाली निळी बादली दिसते. २०१६ च्या नियमांत आधी निर्जंतुक करायचं ते प्रयोगशाळेतला कचरा, सूक्ष्मजीवांचे नमुने, रक्ताचे नमुने आणि रक्ताच्या पिशव्या. बाकीचं तसंच वर्गवारी करून द्यायचं. ब्लीचच्या बादलीत हात घालून सिरिंज काढताना कर्मचाऱ्याला टोचतं, आणि ते क्लोरीनचं पाणी शेवटी गटारात जातं. म्हणजे काम वाढलं, धोकाही वाढला.

८. ४८ तासांत गाडी आली नाही तर? पावसाळ्यात तर हमखास होतं.

शरीराचे भाग, रक्ताने माखलेला कचरा आणि जैवतंत्रज्ञानाचा कचरा प्रक्रिया न करता ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. पण नियमातच पुढची ओळ आहे, ती फार कमी जण वाचतात. ठेवावाच लागला तर त्याने कोणाला अपाय होणार नाही याची व्यवस्था करायची आणि कारणासह मंडळाला कळवायचं. म्हणजे जुलैत रस्ते तुंबले, गाडी अडकली, तर त्याच दिवशी एक ईमेल टाका. पिशवी बंद, कुलपाच्या खोलीत, उंदीर-मांजराच्या आवाक्याबाहेर. ती ईमेल नंतर तुमची ढाल असते.

रोज थोडाच कचरा निघणाऱ्या ओपीडीला गाडी आठवड्यातून दोनदाच येते, असंही ऐकते. मग करार करतानाच वारंवारता लिहून घ्या. "आमच्याकडे एवढीच गाडी येते" हे मंडळापुढे कारण म्हणून फार काळ टिकत नाही.

९. दवाखाना सोसायटीच्या तळमजल्यावर आहे. सेक्रेटरी म्हणतात, तुमचा कचरा आवारात ठेवू नका.

सेक्रेटरींचा राग बहुतेक वेळा अनुभवातून आलेला असतो. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीत घंटागाडीच्या कर्मचाऱ्याला सुई टोचली आणि चौकशी थेट तळमजल्याच्या दवाखान्यापर्यंत गेली. तुमचा कचरा सोसायटीच्या डब्याजवळ कधीच नको, घंटागाडीत तर मुळीच नको. तो दवाखान्याच्या आत, तुमच्या कुलपाखाली ठेवा आणि गाडीवाल्याला आत येऊन उचलायला सांगा. सोसायटीला प्राधिकारपत्राची आणि कराराची प्रत देऊन ठेवली की निम्मं भांडण मिटतं. दवाखान्यातच कचरा जाळून किंवा पुरून विल्हेवाट लावण्याचा विचार मात्र करू नका. ७५ किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र (अनेक दवाखान्यांचा कचरा एकत्र घेणारं) असेल तर स्वतःचं केंद्र उभारायला नियमांत मनाई आहे, आणि आपल्या भागाला ती सोय आहे.

१०. सुई टोचली. आता काय?

हा प्रश्न फोनवरच येतो, आणि समोरचा बहुतेक वेळा रडत असतो. म्हणून क्रमाने सांगते.

जागा साबण-पाण्याने धुवा. पिळू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नका. डोळ्यात उडालं असेल तर भरपूर पाण्याने. मग घड्याळ पाहा. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं, म्हणजे पीईपी, शक्य तर दोन तासांच्या आत सुरू करायची. ७२ तासांनंतर तिचा उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा. सरकारी आणि महापालिका रुग्णालयांतल्या एआरटी केंद्राकडे, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्राकडे, विचारा. कळव्यातल्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाचा आणि वाशीतल्या महापालिका रुग्णालयाचा फोन नंबर आजच भिंतीवर लावून ठेवा. रात्री आठ वाजता टोचल्यावर नंबर शोधत बसणं म्हणजे त्या दोन तासांतला अर्धा तास घालवणं.

भीतीच्या वेळी आकडे धीर देतात. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. खरी काळजी हेपेटायटिस बीची. लस न घेतलेल्याला तो धोका ३० टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून त्या क्षणी पहिला प्रश्न "लसीचे तीन डोस झालेत का?" हा असतो (प्रश्न १३). झाले नसतील तर लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), शक्यतो २४ तासांच्या आत.

आता कायद्याचा भाग. एचआयव्ही आणि एड्स अधिनियम, २०१७, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्याच्या कलम १९ नुसार जिथे संसर्गाचा लक्षणीय धोका आहे तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला सार्वत्रिक खबरदारीची (प्रश्न १२) साधनं, प्रशिक्षण आणि गरज पडल्यास पीईपी देणं ही संस्थेची जबाबदारी आहे. "स्वतःच्या खर्चाने जा" हे उत्तर कायद्यात बसत नाही.

नोंद कुठे करायची, यात एक बारीक अपवाद आहे. कचरा नियमांतल्या "मोठ्या अपघाता"त सुई टोचणं धरलेलं नाही. मोठा अपघात म्हणजे कचऱ्याची गाडी उलटणं, तलावात कचरा पडणं असं काही, आणि त्याची लेखी माहिती मंडळाला २४ तासांत द्यावी लागते. सुई टोचल्याची नोंद दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये करायची आणि ती वार्षिक अहवालात द्यायची. म्हणून ती लपवू नका. अहवालात वर्षानुवर्षं शून्य लिहिणाऱ्या पन्नास खाटांच्या रुग्णालयावर माझा तरी विश्वास बसत नाही.

११. टोचलं तेव्हा रुग्णाचं रक्त आमच्याकडे होतंच. त्याला न सांगता एचआयव्ही तपासून घेतलं तर?

नाही. त्याच अधिनियमानुसार तपासणीआधी माहितीपूर्ण संमती हवी. अपवाद मोजके आहेत: न्यायालयाचा आदेश, रक्तपेढीतली तपासणी, अवयव किंवा वीर्यदानाशी संबंधित तपासणी, ओळख न ठेवता केलेला साथरोग अभ्यास. "आमच्या सिस्टरला टोचलं" हा अपवाद त्यात नाही.

व्यवहारात अडचण कमी येते. रुग्णाला शांतपणे सांगितलं की त्यांना भविष्यात काहीही त्रास होणार नाही, फक्त आमच्या मुलीची काळजी आहे, तर बहुतेक जण हो म्हणतात. कोणी नाही म्हटलंच तर रुग्ण बाधित असू शकतो असं धरून एआरटी केंद्राचे डॉक्टर निर्णय घेतात. औषध अडत नाही.

१२. एचआयव्ही असलेला रुग्ण आला. दुसरीकडे पाठवू का? निदान जास्त शुल्क तरी?

एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं हा भेदभाव आहे, त्याच अधिनियमाचं कलम ३. शस्त्रक्रिया खरोखर तुमच्या कौशल्याबाहेरची असेल तर पाठवा, पण तसंच कोणत्याही रुग्णाला पाठवलं असतं का, हे स्वतःला विचारा. खाटेवर लाल पट्टी, फाइलवर मोठ्या अक्षरांत "एचआयव्ही", वॉर्डात सगळ्यांसमोर उल्लेख, यातलं काहीही चालत नाही. गुप्तता कायद्याने बंधनकारक आहे.

शुल्काबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सार्वत्रिक खबरदारी म्हणजे प्रत्येक रुग्ण बाधित असू शकतो असं धरून चालणं. हातमोजे, गाऊन, चष्मा फक्त "कळलेल्या" रुग्णासाठी वेगळे काढत असाल, तर न कळलेल्या दहांसाठी तुम्ही काय वापरताय?

२० किंवा त्याहून जास्त लोक काम करत असतील तर या कायद्याखाली तक्रार अधिकारी नेमावा लागतो. इतर क्षेत्रांना १०० ची अट आहे, आरोग्यसेवेला २० ची. मध्यम नर्सिंग होमना ही गोष्ट सहसा माहीत नसते.

१३. मावशी फक्त सकाळी दोन तास येतात. त्यांनाही लस द्यायची?

हो, सगळ्यांत आधी त्यांनाच. कचऱ्याला सगळ्यांत जास्त हात त्यांचे लागतात. नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या आणि आरोग्यसेवेतल्या प्रत्येकाला हेपेटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, कामावर घेताना आणि नंतर वर्षातून एकदा तरी प्रशिक्षण, आणि तशीच आरोग्य तपासणी. पार्टटाइम, रोजंदारी, एजन्सीकडून आलेल्या, असा भेद नियम करत नाही.

हेपेटायटिस बीचे डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. तिसऱ्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करा, १० किंवा त्याहून जास्त आली पाहिजे. कार्डाची प्रत दवाखान्यात ठेवा. मावशी नोकरी सोडून जातात तेव्हा मूळ कार्ड त्यांना द्या, पुढच्या ठिकाणी परत तीन सुया नकोत.

१४. टीबीचा रुग्ण सापडला तर कळवलंच पाहिजे का? रुग्ण हात जोडतो, "घरमालकाला कळेल."

कळवलंच पाहिजे. खासगी डॉक्टर, लॅब, रुग्णालय आणि औषधविक्रेते, सगळ्यांना. २०१२ पासून टीबी अधिसूचित आहे, आणि मार्च २०१८ च्या अधिसूचनेनुसार न कळवणाऱ्यावर फौजदारी कलमं लागू शकतात. तेव्हा ती भारतीय दंड संहितेची २६९ आणि २७० होती, १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी भारतीय न्याय संहितेची २७१ आणि २७२ आली.

रुग्णाला समजवा की नोंद निक्षय पोर्टलवर होते, घरमालकाकडे नाही. शिवाय नोंद झाली तरच त्याला उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये मिळतात. तुम्हालाही नोंदीसाठी ५०० आणि उपचाराचा शेवट कळवल्यावर ५०० मिळतात. पण मालकाने, कंपनीने विचारलं तर तुम्ही काही सांगायचं नाही. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांसाठी काम करणाऱ्या डॉक्टरांवर हा दबाव येतो. नोंद सरकारकडे करायची, मालकाकडे नाही.

१५. दातांचा दवाखाना आहे. ऑटोक्लेव्हबद्दल (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राबद्दल) कायदा काय म्हणतो?

कचरा नियम उपकरणं निर्जंतुक करण्याबद्दल बोलत नाहीत. ते कचऱ्याच्या ऑटोक्लेव्हबद्दल बोलतात, आणि तो वेगळा विषय. १२१ अंशाला कचऱ्यासाठी ६० मिनिटं लिहिलेली वाचून काही जण उपकरणंही तासभर शिजवतात. उपकरणांसाठी १२१ अंशाला १५ ते २० मिनिटं किंवा १३४ अंशाला तीन-चार मिनिटं धरतात, पण शेवटचा शब्द यंत्राच्या पुस्तिकेचा.

मग कायदा कुठे येतो? तो येतो काळजी घेण्याच्या कर्तव्यातून (प्रश्न २०). २०२० ची राष्ट्रीय संसर्ग प्रतिबंध मार्गदर्शक तत्त्वं कायदा नसली तरी न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात "चांगला दवाखाना काय करतो" हे ठरवायला वापरली जातात. म्हणून प्रत्येक पाकिटावर तारीख, रासायनिक पट्टी, आठवड्यातून एकदा बीजाणूंची चाचणी (यंत्र चिवट जंतूही मारतं का, ते पाहणारी) आणि या सगळ्याची वही. काढलेला दात पिवळ्या पिशवीत. त्यात चांदीचं सिमेंट असेल तर तो जळणाऱ्या कचऱ्यात टाकू नका, त्यात पारा असतो.

१६. फरशीवर रक्त सांडलं तर?

हातमोजे घाला. वरून टिश्यू किंवा कापड, त्यावर १ टक्का हायपोक्लोराइट, दहा-वीस मिनिटं थांबा, उचलून पिवळ्या पिशवीत, मग पुन्हा पुसा. काच असेल तर चिमट्याने उचला, हाताने नाही. द्रावण रोज ताजं करा.

१७. आमच्या नर्स घरी जाऊन इंजेक्शन देतात. सुई रुग्णाच्या घरी टाकली तर?

टाकायची नाही. नर्स सेवा देते ती संस्था कचरा निर्माण करणारी ठरते, म्हणून पिशवीत छोटा बंद डबा हवा आणि तो परत संस्थेत आला पाहिजे. घरी रक्त घ्यायला येणाऱ्या लॅबच्या मुलांनाही हेच. ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत उघडी सुई घेऊन फिरणारा मुलगा हा माझ्या दुःस्वप्नांपैकी एक आहे.

स्वतः इन्सुलिन घेणारा रुग्ण मात्र या नियमांत दवाखाना ठरत नाही. त्याच्या सुया घरगुती धोकादायक कचऱ्यात येतात. तरी तुम्ही त्याला "जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत जमवून आणून द्या" असं सांगितलंत तर घंटागाडीवाल्यांचे आशीर्वाद मिळतील.

१८. आमच्या गणेश मंडळाच्या उत्सवात रक्तदान शिबिर आहे. जबाबदार कोण?

शिबिरंही नियमांत स्पष्टपणे येतात: रक्तदान, लसीकरण, शस्त्रक्रिया, आरोग्य तपासणी. रक्तदानात रक्तपेढीची जबाबदारी स्पष्ट असते. साखर तपासणीच्या शिबिरात मात्र लॅब, डॉक्टर आणि गणेश मंडळ एकमेकांकडे बघतात. आधीच कागदावर लिहा की सुया आणि पट्ट्या कोण परत नेणार. मांडवामागे काळ्या पिशवीत लॅन्सेट (बोट टोचायच्या सुया) सापडणं नवीन नाही.

१९. पॉलिक्लिनिकमध्ये आम्ही चार डॉक्टर वेगवेगळ्या वेळी बसतो. प्राधिकारपत्र कोणाच्या नावाने?

नियमाची व्याख्या आहे "संस्थेवर आणि तिच्या जागेवर प्रशासकीय नियंत्रण असलेली व्यक्ती". म्हणजे जो जागा चालवतो, कर्मचारी नेमतो, तो. दर गुरुवारी दोन तास भाड्याने बसणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञाला स्वतंत्र प्राधिकारपत्राची गरज पडू नये. पण तुम्ही चौघे समान भागीदार असाल तर एकाच्या नावाने घ्या आणि बाकीच्यांशी लेखी करार करा. नाहीतर त्रास ठरलेला, तो फक्त कोणाच्या पाळीत येणार एवढंच बाकी.

३० किंवा जास्त खाटा असतील तर कचरा व्यवस्थापनाची समिती हवी, ती सहा महिन्यांतून एकदा बसली पाहिजे, आणि इतिवृत्त वार्षिक अहवालासोबत. ३० पेक्षा कमी असतील तर एक जाणकार व्यक्ती नेमली तरी पुरते.

२०. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला संसर्ग झाला, त्याने नोटीस पाठवली. आम्ही दोषी ठरतो का?

संसर्ग झाला म्हणजे हलगर्जीपणा झालाच, असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांथा या खटल्यात डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, आणि २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात फौजदारी कारवाईसाठी ढोबळ, गंभीर निष्काळजीपणा हवा असं म्हटलं. रुग्णाला ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते.

अशा प्रकरणात तुमच्या बाजूने बोलतात त्या वह्या: ऑटोक्लेव्हची, हात धुण्याच्या तपासणीची, थिएटर सफाईची. वैद्यकीय नोंदी किमान तीन वर्षं ठेवायच्या आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या, असं २००२ चे वैद्यकीय आचारविषयक विनियम सांगतात. कचऱ्याच्या नोंदी पाच वर्षं. नोटीस आल्यावर जुन्या तारखा टाकून एका रात्रीत भरलेली वही वकील लगेच ओळखतात, सगळ्या पानांवर एकाच पेनाची शाई असते.

२१. दंड खरंच होतो का?

होतो. कचऱ्याचे नियम ज्याच्याखाली येतात त्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ मध्ये पूर्वी पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होता. जन विश्वास अधिनियम, २०२३ मुळे १ एप्रिल २०२४ पासून त्याजागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत आर्थिक दंड आला. उल्लंघन चालूच राहिलं तर दिवसाला आणखी. तुरुंग गेला म्हणून सुटलो, असं समजू नका. दंड भरला नाही तर तुरुंगवासाची तरतूद पुन्हा आहेच. पूर्वी खटला चालवण्याच्या कटकटीमुळे प्रकरणं रेंगाळत. आता निर्णय अधिकाऱ्याच्या हातात आहे, त्यामुळे मला उलट कारवाई वाढेल असंच वाटतं.

त्याशिवाय नियमांनुसार चुकीच्या हाताळणीमुळे लोकांचं किंवा पर्यावरणाचं नुकसान झालं तर भरपाई वेगळी. आणि वापरलेली सिरिंज पुन्हा वापरली तर हा दंडाचा विषयच राहत नाही. २००९ मध्ये गुजरातमधल्या मोडासा भागात हेपेटायटिस बीची साथ आली तेव्हा वापरलेल्या सिरिंज परत वापरणं त्यामागे सापडलं होतं. लोक दगावले.

२२. तपासणीला आले तर काय काय दाखवायचं?

प्राधिकारपत्र, कचरा नेणाऱ्या संस्थेचा करार आणि अलीकडच्या पावत्या, रोजच्या वजनाचं रजिस्टर, वार्षिक अहवालाची पोच, लसीची कार्डं, प्रशिक्षणाच्या सह्या. आणि मग ते अधिकारी कचऱ्याच्या डब्यात डोकावतात. फाइल चकचकीत आणि पांढऱ्या डब्यात हातमोजे, असं दिसलं की बाकी कागद बाजूला राहतात. मावशींना विचारलं, "ही पिशवी कशासाठी?" आणि त्यांनी तुमच्याकडे पाहिलं, तर समजा प्रशिक्षणाच्या सह्या खऱ्या नाहीत हे त्यांना कळलं.

२३. दवाखाना ठाण्यातून नेरूळला हलवतोय. जुनं प्राधिकारपत्र चालेल?

नाही. ते त्या जागेचं आहे. बदल मंडळाला कळवून नमुना २ मध्ये नव्याने अर्ज करा. आता कार्यालयही बदलेल (प्रश्न ३). जुन्या जागेचा शेवटचा कचरा करारातल्या गाडीनेच पाठवा आणि त्याची पावती जपा. टेम्पोत फर्निचरसोबत अर्धा भरलेला सुईचा डबा नेऊ नका. मुदत संपलेली औषधं हलवण्याआधीच निकाली काढा. ती पुरवठादाराला परत देता येतात, नाहीतर पिवळ्यात जातात. आणि ती शेल्फच्या मागे, गेल्या चार वर्षांत कोणी हात न लावलेल्या खोक्यात असतात, तिथेही एकदा पाहा.